एकशे वीस कुणाच्या वजनाला

माझ्या सायकलच्या टायरवर एका बाजूला बारीक, वर आलेल्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं आणि त्यातली एकच गोष्ट मला वाचता येत होती. एकशे वीस हा आकडा. इंग्रजी आकडे मला येतात. बसचे नंबर, लिफ्टचे मजले, दुधाच्या पिशवीवरची तारीख, सगळं त्याच आकड्यांत असतं, ते शिकावंच लागतं. इंग्रजी अक्षरं मात्र पाचवीत यायची आणि पाचवीची शाळा खाडीच्या पलीकडे होती. मी अलीकडेच राहिले.

तर एकशे वीस लिहिलंय म्हणजे एकशे वीस हवा भरायची, असं मी धरून चालले. यात चूक असेल हे मनातही आलं नाही. कंपनीने रबरावर छापलेलं खोटं कसं असेल?

ही सायकल काकूंच्या मुलाची. घाटकोपर पूर्वेला काकूंकडे मी चौदा वर्षं स्वयंपाक करते, त्याच बिल्डिंगमध्ये स्वयंपाकाची आणखी तीन घरं आहेत. मुलगा परदेशी गेला आणि सायकल बाल्कनीत हुकाला टांगलेली राहिली. खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे बारीक टायर, घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. पुढे घाटकोपरची आमची खोली रस्तारुंदीत गेली आणि आम्हाला माहुलला सातव्या मजल्यावर जागा मिळाली. घर तिकडे, कामं इकडे. ह्यांचं गोदाम भिवंडीला, मोटारसायकल घेऊन हे साडेसहाला निघतात. मला साडेपाचला निघावं लागतं. पहाटेची बस कधी यायची, कधी यायचीच नाही. एकदा मी पाऊण तास उशिरा पोचले आणि काकूंच्या ओट्याशी उभी राहून कणीक मळायला लागले.

काकू म्हणाल्या, "अगं, सायकल येते का तुला?"

"यायची. गावाला."

"मग ही घेऊन जा. नुसती कबुतरं बसतात तिच्यावर."

गावाला तासाच्या भाड्याने पुरुषी सायकल मिळायची. नळीच्या खालून पाय घालून, कैची मारून मी ती शिकले होते. त्याला तीस वर्षं झाली. मला लोकांसमोर काही करायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. बसमध्ये "जरा सरका" एवढंसुद्धा तोंडातून निघत नाही, मी आपली अंग चोरून उभी राहते. म्हणून आठवडाभर पहाटे पाचला वसाहतीच्या आवारात फेऱ्या मारल्या. वॉचमन बघायचा आणि मी त्याच्याकडे बघायचे नाही. आठव्या दिवशी गेटबाहेर पडले.

माझा धाकटा दीर अंधेरीला सायकलच्या मोठ्या शोरूममध्ये मेकॅनिक आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सहावीत होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. त्याने शोरूममधला काटा असलेला जुना पंप आणून दिला आणि रविवारी येऊन सायकल बघितली.

"वहिनी, ही रेसची सायकल आहे. टायर दगडासारखं पाहिजे. हे बघ, कंपनीनेच लिहिलंय. एकशे वीस."

"एवढी हवा?"

"कमी ठेवलीस तर बसेल, पळणार नाही. आणि बारीक टायर तेवढं चांगलं. रस्त्याला चिकटत नाही ना. तू डोकं नको लावूस, तू फक्त भर."

मी डोकं लावलं नाही. दर दोन दिवसांनी काटा एकशे वीसवर येईपर्यंत पंप मारला. शेवटच्या वीसला तर पंपाच्या दांड्यावर सगळं अंग टाकावं लागायचं.

माहुलहून निघायचं ते टँकरांच्या रांगेच्या कडेने. मग चेंबूर, मग हायवे ओलांडून घाटकोपर. काँक्रीटचा रस्ता दिसायला गुळगुळीत असतो, पण त्याच्या दर सांध्याला सायकल हँडलमधून हातावर एक टपली मारते. पेवर ब्लॉकवर तर दात वाजायचे. काकूंकडे पोचले की तळव्यांना मुंग्या आलेल्या असायच्या. लाटणं हातात आहे की नाही हे बघून कळायचं. पोळ्यांच्या कडा जाड राहायला लागल्या. काकू काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या घरच्या मॅडमनी पोळी उचलून उजेडात धरली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

मग मी पडले. टँकर उभे राहतात तिथे रस्त्यावर काळे थेंब पडलेले असतात आणि त्या दिवशी थोडी भुरभुर झाली होती. वळताना पुढचं चाक साबणावर ठेवल्यासारखं निघून गेलं. ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नाही. कोपर फुटलं, हनुवटी खरचटली. टँकरवाले चहा पीत होते, ते धावत आले. "दीदी, लगा क्या? बैठो, बैठो, पानी पियो." कोपरापेक्षा ते सगळे माझ्याकडे बघत होते याचंच मला जास्त लागलं.

संध्याकाळी ह्यांनी कोपर बघितलं, मग दाराशी उभी केलेली सायकल बघितली.

"एकदा झालं ते झालं," हे म्हणाले. "अजून एकदा पडलीस ना, तर सायकल भंगारात. सांगून ठेवतो."

मी मान हलवली.

ती मान मी का हलवली, हे मला पुढे कित्येक महिने टोचत राहिलं. सवयीने हलवली, दुसरं काय. पण हे बोलतात तसं करतात. भंगारवाला दर गुरुवारी आमच्या बिल्डिंगखाली येतो. आता एकदा पडले की सायकल जाणार होती. आणि सायकलवरची ती पाऊण तासाची सकाळ, जेव्हा मला कोणी हाक मारत नाही, कोणाला सरका म्हणावं लागत नाही, कोणाची वाट बघावी लागत नाही, तीही जाणार होती. तसली वेळ माझ्याकडे आधी कधी नव्हती. ती मला सोडायची नव्हती.

म्हणजे पडायचं नव्हतं. आणि पडायचं नसेल तर त्या टायरकडे बघावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी काम आटपल्यावर मी काकूंना म्हटलं, खाली येता का, एक वाचून दाखवायचंय. काकूंचे गुडघे दुखतात, तरी आल्या, भिंग घेऊन. पार्किंगमध्ये वाकून त्यांनी टायरवर भिंग फिरवलं.

"अगं, 'जास्तीत जास्त' असं लिहिलंय. याच्या वर हवा नको, असा अर्थ."

"म्हणजे एवढी भरा असं नाही?"

"छे! ही शेवटची हद्द झाली. हे बघ, कमीत कमीचाही आकडा आहे इथे, पण झिजलाय. वाचता येत नाही."

 मला रडू आलं नाही, राग आला. गॅसचं बटण पूर्ण फिरतं म्हणून कोणी पूर्ण गॅसवर पोळी भाजत नाही. मी रोज ते बटण हाताने कमी-जास्त करते आणि त्याचा मला कधी विचारही करावा लागत नाही. आणि इथे चार महिने मी फुल गॅसवर बसून चेंबूर ओलांडत होते, कारण आकडा वाचता येत होता आणि त्याच्या शेजारची अक्षरं येत नव्हती. मला येत नव्हती ते समजू शकते. दिराला तर येत होती.

त्याला फोन केला.

"अरे, ती हद्द आहे. एवढी भरा असं नाहीच लिहिलेलं."

"हो, मॅक्स आहे ते. माहितीये."

"माहितीये?"

"सगळे रेसवाले तेवढीच भरतात, वहिनी."

"त्यांचं वजन किती असतं?"

"काय?"

"वजन. त्यांचं."

"असेल सत्तर, ऐंशी. का?"

"माझं चोपन्न आहे. तू विचारलंस कधी?"

"त्याने काय होतं?"

"चौघांच्या भाताला आणि दोघांच्या भाताला पाणी सारखंच घालतात का?"

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "वहिनी," तो म्हणाला, "तू भातच कर."

बरं, म्हटलं. मी फोन ठेवला.

काकू दर वर्षी मला जुनी डायरी देतात, दुधाचा हिशोब ठेवायला म्हणून. त्यातच मी हे सगळं लिहिते आहे, आणि त्यातच मी त्या वेळी रोजची हवा लिहायला लागले. तोच रस्ता, तीच पिशवी, दर दोन दिवसांनी पाच-पाच कमी. एकशे पंधराला फरक नाही. शंभरला पेवर ब्लॉकवर दात वाजायचे थांबले. नव्वदला काकूंच्या दारात पोचले आणि मुंग्या नव्हत्या. त्या दिवशीच्या पोळ्या मी ताटात मुद्दाम उजेडाकडे ठेवल्या.

मग मला हाव सुटली. मऊ म्हणजे चांगलं, अजून मऊ म्हणजे अजून चांगलं, असं करत मी पासष्टपर्यंत उतरले. चेंबूरमध्ये गटाराच्या झाकणाची धार वर आली होती, त्यावरून चाक गेलं आणि खण्णकन लोखंडाचा आवाज आला. वीस पावलांत टायर सपाट. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरली तेव्हा दोन भोकं निघाली, शेजारी शेजारी, सुईने एकदम टोचल्यासारखी.

"हवा कम थी," तो म्हणाला. "गड्ढे की धार और रिम के बीच में ट्यूब दब गया. पतला टायर है ना, इसमें जगा किधर है?"

त्याने ते सहज सांगितलं आणि दुसऱ्याच्या ट्यूबला वळला, पण मी दिवसभर तेच घोळवत होते. पतल्या टायरमध्ये जागाच नाही. जास्त भरली तर सायकल उडते आणि ओल्यात घसरते. कमी भरली तर रिम आपटते. मधली जागा फार थोडी, आणि माझा रस्ता असा की त्या थोड्या जागेत मावत नाही. म्हणजे हवा कमी करायची तर टायर रुंद हवं.

पण दीर म्हणाला होता, बारीक तेवढं चांगलं. त्याच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे काय होतं? एक गोष्ट होती. मला माणसांच्या तोंडाकडे बघायची सवय नाही, त्यामुळे सिग्नलला मला चाकंच दिसतात. हायवेवर पहाटे रेसच्या सायकलवाल्यांचे घोळके असतात, चकचकीत हेल्मेट, रंगीत बूट. मी त्यांच्या टायरवरचे आकडे वाचायला लागले. माझ्या टायरवर तेवीस होतं. त्यांच्यात तेवीस फार कमी. पंचवीस होते, आणि अठ्ठावीस तर पुष्कळ. एकाचं बत्तीस. हा आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये, हे काकूंनी फोनवर बघून सांगितलं होतं. म्हणजे सगळे रेसवाले बारीकच वापरतात हे खरं नव्हतं. दीर बारा वर्षांपूर्वी जे शिकला तेच सांगत होता.

माझी एक सुट्टी होती. त्या दिवशी मी माहुलहून, घाटकोपरवरून पुढे, सायकलनेच अंधेरीला गेले. वरून मेट्रो जात होती आणि खाली मी. त्या रस्त्याने जायला मला कोणी सांगितलं नव्हतं. साकीनाक्याला रिक्षावाले दोन्ही बाजूंनी घासत होते, एक जण ओरडला, "आंटी, साइड!" मी साइड दिली नाही. घसा कोरडा पडला होता, पण दिली नाही.

शोरूममध्ये एसी होता आणि सायकली भिंतीला चित्रांसारख्या लावल्या होत्या. मी माझी सायकल आत ढकलली तशी मालक काउंटरवरून म्हणाले, "मावशी, कुरिअर मागच्या दाराने."

दीर आतून आला तो लालबुंद झाला. "सर, ही माझी वहिनी." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "तू सायकलने आलीस? माहुलहून? दादाला माहितीये?"

"अठ्ठावीसचे दोन टायर दे."

"बसणार नाहीत या सायकलला."

"लावून बघ."

"वहिनी, मी बारा वर्षं हेच करतोय."

"मग लावायला कितीसा वेळ लागेल तुला?"

मालक हसले. दीर हसला नाही. त्याने सायकल स्टँडला टांगली, पुढचं चाक काढलं आणि टायर बदललं. चाक परत बसवून त्याने फिरवलं, आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. ब्रेकखाली जागा उरली होती ती काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल एवढी. पण उरली होती. चाक कुठे घासत नव्हतं. मागचं तसंच बसलं.

"नशीब," तो म्हणाला.

"आता ही पळणार नाही हां, मावशी," मालक म्हणाले. "जड होते. आणि दिसायलाही पाहा ना, गेली शान."

दिराने हवा भरायला घेतली आणि सवयीने पंचाण्णववर नेली. या टायरची हद्द तीच होती. मी पुढे झाले. बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हवरून पंप काढला आणि व्हॉल्व्हचं टोक नखाने दाबलं. फुस्स करून हवा सुटली. शोरूममधले सगळे बघायला लागले, एक गिऱ्हाईकसुद्धा.  मी मान वर केली नाही, पंप परत लावला आणि काट्याकडेच बघितलं. सत्तर. अजून थोडी. पासष्टवर सोडली.

"रिम जाईल," मालक म्हणाले.

"गेली तर तुमच्याकडेच येईन दुरुस्तीला."

हे मी म्हटलं. मोठ्याने. परत येताना साकीनाक्यापर्यंत मला स्वतःचं नवल वाटत होतं.

पळण्याचं मात्र मला खरंच बघायचं होतं, कारण मालकांचं बोलणं डोक्यात राहिलं होतं. आमच्या वसाहतीच्या पुढे नाल्यावर एक छोटा पूल आहे. जुन्या टायरवर, एकशे वीस हवा भरून, त्याच्या माथ्यावरून मी पाय न मारता सायकल सोडून पाहिली होती. ती तिसऱ्या खांबापाशी थांबायची. नव्या टायरवर, पासष्टला, तसंच केलं. तिसरा खांब गेला. चौथ्याच्या जवळ जाऊन थांबली. मी चार वेळा वर चालत गेले आणि चार वेळा सोडली. रस्ता खडबडीत असला की दगडासारखं टायर दर खड्ड्याला वर उडतं आणि तिथेच त्याचा जोर जातो. मऊ टायर तो खड्डा पोटात घेतं आणि पुढे जातं. हे मला कोणी शिकवलं नाही.

पुढच्या रविवारी दीर जेवायला आला तेव्हा त्याला पुलावर नेलं. आधी म्हणाला, वेळ नाही. मग आला. त्याने त्याची तेवीसची सायकल सोडली, मग माझी सोडली. दोन्हींवर तोच बसला होता, म्हणजे वजन सारखं. माझी पुढे गेली.

"वारा मागून होता," तो म्हणाला.

"मग परत सोड."

परत सोडली. माझी पुढे गेली. त्याने माझ्या मागच्या टायरवर अंगठा दाबला, पुढच्यावर दाबला. "पुढे कमी का?"

"वजन मागे जास्त पडतं. दोन्हीकडे सारखी कशाला?"

 जेवताना त्याने दोनदा भात घेतला. दोन-एक महिन्यांनी त्याच्याही सायकलला अठ्ठावीस दिसले. मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

आता माझे आकडे ठरले आहेत. मागे चौसष्ट, पुढे छप्पन्न. पाऊस असेल तर दोन्हीकडे पाच कमी. गुरुवारी तिसऱ्या घरचे नारळ आणि भाजी पाठीवर असते, तेव्हा मागे तीन जास्त. हे आकडे माझ्या वजनाचे, माझ्या रस्त्याचे. ते कुठल्याही टायरवर छापलेले नाहीत. टँकरांच्या काळ्या थेंबांवरून मी पूर्ण पावसाळा गेले आणि चाक एकदाही निघून गेलं नाही.

पण पडायचं नाही म्हणून मी कशी सायकल चालवत होते, तेही लिहिलं पाहिजे. हँडल घट्ट आवळून. दर वळणाला ह्यांचं बोलणं मागे बसलेलं असायचं. घरी येऊन सायकल दाराशी लावली की वाटायचं, आजचा दिवस राहिली. हे मला कधीकधी चेंबूरच्या सिग्नलला कळायचं आणि मी मुद्दाम हात सैल सोडायचे. पुढच्या सिग्नलपर्यंत ते परत आवळलेले असायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी मी पडलेच. रस्ता कोरडा, हवा बरोबर, टायर नवे. पार्क केलेल्या टेम्पोच्या मागून एक कुत्रं सरळ चाकाखाली आलं. मी कुत्र्याला वाचवलं आणि स्वतः फुटपाथवर आपटले. तळवा सोलला, गुडघा सोलला, ड्रेस गुडघ्यापाशी फाटला. कुत्रं उभं राहून माझ्याकडे बघत होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी उठले, चाक फिरवून बघितलं, ब्रेक बघितले आणि कामाला गेले.

काकूंनी हळद लावली, ड्रेसला टाका घालून दिला. म्हणाल्या, "घरी सांगू नकोस. कळणार नाही. गुडघा झाकलेलाच असतो. हाताचं विचारलं तर भांडी घासताना लागलं म्हण."

मला ते पटलं. दुपारपर्यंत पटलेलं होतं. परत येताना मी ठरवतही होते, हळद धुऊन टाकायची, रात्री हात ओढणीखाली घ्यायचा. आणि मग वाटलं, आज लपवलं की पुढच्या वेळीही लपवावं लागेल. आणि लपवलं की ती मान मी खरीच हलवली असं होईल. सायकल राहील, पण ह्यांच्या सांगण्यावर राहील. मी न पडण्याच्या अटीवर. माझी म्हणून राहणार नाही.

हे संध्याकाळी बशीत चहा ओतत होते. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मी सायकल दाराशी लावली आणि तिच्याच शेजारी उभी राहिले.

"आज पडले," मी म्हटलं.

"कुठे?"

"चेंबूरला. कुत्रं मधे आलं." मी हात पुढे केला.

ह्यांनी हात बघितला. मग सायकलकडे बघितलं. बशी खाली ठेवली. "मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं तुम्ही."

"आणि तू हो म्हणालीस."

"मान हलवली होती. ते मला तेव्हाही मान्य नव्हतं. तेव्हा बोलले नाही, आज बोलते. मी पडले तरी सायकल कुठेही जाणार नाही."

"हात मोडून घेतलास मग?"

"प्लास्टर घालीन. निघालं की परत चालवीन. तुम्ही मोटारसायकलवरून दोनदा पडलात, पाय बांधून महिनाभर घरी होतात. मोटारसायकल खाली उभी आहे ना?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

  ह्यांनी फोन उचलला आणि दिराला लावला, स्पीकरवर. "अरे, तुझ्या वहिनीला समजाव. परत पडली."

"टायर घसरलं?" दिराने विचारलं.

"नाही. कुत्रं आलं म्हणे."

"मग मी काय करू, दादा? कुत्र्याला समजावू?"

ह्यांनी फोन ठेवला. "दोघं एक झालात," एवढंच म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार, भंगारवाल्याचा वार.

पहाटे साडेपाचला मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे उठून दाराशी उभे होते. सायकलच्या हँडलवर हात. एवढ्या लवकर हे कधी उठत नाहीत. मी डबा पिशवीत घातला, चपला घातल्या. हे वाकले आणि त्यांनी पुढच्या टायरवर अंगठा दाबला.

"हवा कमी आहे हिच्यात," म्हणाले.

"बरोबर आहे."

"मऊ लागतंय. भर जरा."

"छप्पन्न आहे. मला छप्पन्नच लागते."

हे हँडल धरून उभे राहिले. मीही उभी राहिले, नजर खाली न घालता.  मग मी त्यांच्या हाताच्या शेजारी हँडल धरलं आणि सायकल माझ्याकडे ओढली. ह्यांनी हात काढला. मी दार उघडलं आणि सायकल घेऊन लिफ्टकडे निघाले.